घरी बनवलेला एक्झॉस्ट: आधी आरपीएम ठरव, मग पाइप काप

प्रश्न थोडक्यात असा आहे: "काका, माझी 2010 ची पल्सर 180 आहे, कार्ब्युरेटरवाली. सायलेन्सर खालून सडलाय. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आर्गन वेल्डिंग येतं. 304 स्टेनलेस स्टीलचा पूर्ण एक्झॉस्ट स्वतः बनवायचाय. पाइप 38 मिमीचा घेऊ की त्याहून मोठा? बॅक प्रेशर किती ठेवायचा? बेंड पाइपवर जी छोटी डबी आहे ती कापली तर चालेल का? जेट कोणता टाकू? आणि पाइप निळा पडला तर ते चांगलं की वाईट?"

38 चा घेऊ नकोस. तुझ्या गाडीसाठी तो फार मोठा आहे. 38 आणि 50 सगळीकडे दिसतात कारण रेलिंगला तेच लागतात, दुकानात तेच पडलेले असतात आणि मेस्त्री हाताला येईल ते उचलतो. इंजिनाला काय हवंय हे त्यात कुणी विचारलेलं नसतं.

पाइप किती मोठा, या प्रश्नाला सुटं उत्तर नाही. गाडीने कोणत्या आरपीएमला जोरात ओढावं ते आधी ठरव. त्यावरून लांबी निघते आणि लांबीवरून व्यास. तुझ्या पल्सरचे कंपनीचे आकडे आहेत टॉर्क 6500 ला आणि पॉवर 8500 ला. सिंहगड रोडच्या गर्दीतून रोज कॉलेज आणि रविवारी एखादा घाट, एवढं तुझं चालवणं. 8500 ला तू दिवसातून एकदा तरी जातोस का? नाही. मग लक्ष्य 6500 धर, हवं तर त्याच्याही थोडं खाली.

आता बॅक प्रेशर. "थोडा बॅक प्रेशर लागतोच, नाहीतर पिकअप मरतो" हे वाक्य पुण्यातल्या प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. पिकअप मरतो हे खरं, कारण मात्र चुकीचं सांगतात. बॅक प्रेशर म्हणजे धूर बाहेर ढकलताना पिस्टनला होणारा विरोध, आणि तो कोणत्याच इंजिनाला नको असतो. त्याला हवा असतो वेग. मोठा पाइप टाकला की वायू संथ होतो, मागे ओढ राहत नाही, आणि खालच्या आरपीएमला गाडी मऊ पडते. मग लोक पाइपच्या तोंडात वॉशर वेल्ड करून "बॅक प्रेशर वाढवतात". आजार तसाच राहतो, वर नवा अडथळा तयार होतो.

पाइपमध्ये दोन गोष्टी चालतात आणि त्या वेगळ्या धरल्या की सगळं सोपं होतं. वायू स्वतः पुढे सरकत असतो, ती एक. दुसरी म्हणजे एक्झॉस्ट वाल्व्ह उघडल्या क्षणी निघालेला दाबाचा ठोका. तो गरम वायूतून साधारण 500 मीटर प्रतिसेकंद वेगाने पळतो. पाइपचं उघडं टोक आलं, किंवा पाइप एकदम मोठ्या डब्यात उघडला, की तो उलटा होऊन परत फिरतो. दाबाचा गेलेला असतो, ओढीचा होऊन येतो. ही ओढ जर दोन्ही वाल्व्ह थोडे थोडे उघडे असतानाच्या क्षणी (यालाच ओव्हरलॅप म्हणतात) हेडपाशी पोचली, तर उरलेला धूर खेचून काढते आणि ताज्या मिश्रणाला आत बोलावते. पाऊण-एक मीटरच्या पाइपमध्ये या जाण्यायेण्याला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. 6500 आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक 120 अंश फिरलेला असतो. ठोका काही सुईच्या टोकासारखा नसतो, त्याला चढ आणि शिखर असतं, आणि शिखर वाल्व्ह उघडल्यानंतर बरंच उशिरा येतं. म्हणून ओढीचा सर्वांत खोल भाग ओव्हरलॅपच्या आसपास येऊन पडतो. आरपीएम बदलला की हा मेळ चुकतो. बासरीची लांबी सूर ठरवते, तशी पाइपची लांबी टॉर्कची जागा ठरवते.

हिशोबाला जुनं, वापरात मुरलेलं सूत्र आहे. एक्झॉस्ट वाल्व्ह तळबिंदूच्या (पिस्टनच्या सर्वांत खालच्या जागेच्या) जितके अंश आधी उघडतो त्यात 180 मिळवायचे, त्याला 850 ने गुणायचं, आरपीएमने भागायचं आणि 3 वजा करायचे. उत्तर इंचांत येतं. वजा होणारे 3 इंच हेडच्या आतल्या पोर्टसाठी धरलेले आहेत. तुझा पोर्ट त्याहून आखूड भरला तर फरक पाइपमध्ये जोडून घे. वाल्व्ह 60 अंश आधी उघडतो असं धरू (तू हेड कव्हर उघडून डिग्री व्हीलवर, म्हणजे अंश आखलेल्या चकतीवर, मोजून घे, तिसऱ्या वर्षाला आहेस, ते जमलंच पाहिजे). मग 6500 ला लांबी येते 28.4 इंच, म्हणजे 721 मिमी. तेच 8500 ला केलं तर 533 मिमी. जवळजवळ 19 सेंटीमीटरचा फरक! बाजारातला आखूड "फ्री फ्लो" लावून घाटात गाडी ओढत का नाही, त्याचं उत्तर या फरकात आहे.

व्यासासाठी: लांबीच्या इंचांत 3 मिळव, 25 ने गुण, त्याने सिलिंडरच्या सीसीला भाग, वर्गमूळ काढ आणि 2.1 ने गुण. हेही उत्तर इंचांत येतं. तुझं इंजिन 178.6 सीसी. 721 मिमीच्या पाइपला आतला व्यास येतो 25.4 मिमी. 28.6 मिमी बाहेरचा आणि 1.2 मिमी जाडीचा पाइप घेतलास तर आत 26.2 मिळतात. बरोब्बर बसतो. 8500 वाल्याला 29 लागतात, म्हणजे 31.8 चा पाइप. आणि तू म्हणतोस त्या 38 च्या पाइपला आत 35.7 मिमी भरतात. क्षेत्रफळ 26.2 वाल्याच्या 1.86 पट, म्हणजे वायूचा वेग जवळपास निम्मा. एवढा वेग घालवून वर वॉशर वेल्ड करण्यात काय हशील?

सूत्र सुरुवात करून देतं, शेवट नाही. म्हणून पाइप हिशोबापेक्षा 50 मिमी जास्त लांब ठेव आणि सायलेन्सरकडचं टोक स्लिप जॉइंटचं कर, म्हणजे एकात एक सरकणारं. चाचणी घेताना 20-20 मिमी आत-बाहेर करून बघता येतं आणि पाइप परत कापावा लागत नाही.

आता ती डबी. याबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण दर महिन्याला कुणीतरी ती कापून येतो. बेंड पाइपला चिकटलेला तो बंद डबा म्हणजे बजाजचं "एक्झॉस्टेक", टॉर्क एक्स्पान्शन चेंबर. आपल्याच आकुर्डीच्या कंपनीने विचार करून लावलेली वस्तू आहे. तो धूर साठवत नाही आणि वाटही अडवत नाही. लहान गळ्याने पाइपला जोडलेलं बंद भांडं ठरावीक कंपनाला प्रतिसाद देतं. एकाच लांबीचा पाइप एका आरपीएमला मदत करतो आणि दुसऱ्या एका आरपीएमला नेमकं उलटं करतो, तिथे टॉर्कमध्ये खड्डा पडतो. हा डबा खालच्या-मधल्या पट्टीतला तो खड्डा भरायचं काम करतो. कापलास तर वर काही मिळणार नाही आणि सिग्नलवरून उचलताना गाडी रडेल.

तेव्हा नव्या पाइपला तसाच डबा बनव. जुन्या बेंड पाइपमधून डबी गळ्यासकट कापून घे, गळ्याच्या तोंडाने पाणी भर आणि ते लॅबमधल्या मोजपात्रात ओत. आलेला आकडा लिहून ठेव. गळ्याचा आतला व्यास, गळ्याची लांबी आणि हेडच्या तोंडापासून गळ्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरने आणि टेपने मोज. नव्या डब्याचा आकार गोल असो की चपटा, फरक पडत नाही. आतली जागा, गळा आणि अंतर हे तिन्ही जुळले पाहिजेत.

सामानाचं बघू. पाइप नाना पेठ-भवानी पेठेच्या पट्ट्यात मिळेल, 28.6 साठी दोन-चार दुकानं फिरावं लागेल. बिलावर ग्रेड लिहून घे. चुंबक लावून 304 ओळखतात ही अंधश्रद्धा आहे. 202 लाही चुंबक चिकटत नाही, आणि रेलिंगचा चकचकीत पाइप पुष्कळदा 202 असतो. तो स्वस्त पडतो, पण निकेल कमी असल्यामुळे उष्णता आणि पावसाच्या माऱ्यात लवकर गंजतो. जुन्या बाजारातून पाइप आणूच नकोस, तिथे ग्रेडची खात्री कोण देणार? जीआय पाइप तर अजिबात नको. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा धूर निघतो, अंगात थंडी-ताप भरतो. फ्लँज (पाइप हेडला आवळणारी चकती) 8 मिमी पत्र्यातून भोसरीत लेझरवर कापून मिळते, जुन्या फ्लँजचं मोजमाप घेऊन ड्रॉइंग दे.

आधी 4 मिमीच्या सळईने गाडीवर मार्ग आखून घे. सळई पाइपच्या मध्यरेषेवरून जाते असं समज आणि 721 मिमी तिच्यावरच मोज. हॅंडल पूर्ण वळवून बघ, सस्पेन्शन दाबून बघ, ब्रेक पेडल खाली दाबून बघ, साइड स्टँड वर घेऊन बघ. डावी-उजवीकडे झुकल्यावर जमिनीला काय लागेल तेही बघ. पायाच्या पोटरीपासून चार बोटं अंतर हवंच.

वाक मँड्रेलवर (पाइपला आतून आधार देऊन वाकवणाऱ्या मशीनवर) करून मिळाले तर उत्तम. नाहीतर 15 अंशांचे काप जोडून. वाळू भरून वाकवणार असशील तर वाळू कढईत भाजून पूर्ण कोरडी कर. ओल राहिली तर बंद पाइपमध्ये वाफ होते आणि बूच गोळीसारखं उडतं. वाळूच्या बाबतीत हयगय नको.

कापांच्या कडा कानशीने सपाट करून एकमेकांना अशा भिडव की मध्ये उजेड दिसता कामा नये. 1.2 मिमीला 45 ते 50 अँपिअर पुरतात, फिलर 308 एल. चार टॅक (तात्पुरते छोटे टाके) मार, गाडीवर लावून बघ, मगच पूर्ण वेल्ड कर. आणि पाइपच्या आतूनही आर्गन सोड. दोन्ही टोकांना ॲल्युमिनियम टेप, एका बाजूला गॅसची नळी, दुसरीकडे टाचणीने भोक. हे केलं नाही तर बाहेरून टाका रुपेरी दिसतो आणि आत काळा, साखरेच्या खड्यांसारखा खरखरीत थर तयार होतो. तिथेच वायू अडखळतो आणि वर्षभरात तिथेच चीर जाते. जुन्या माइल्ड स्टीलचा कुठला तुकडा 304 ला जोडावा लागला तर फिलर 309 एल. जुन्या पाइपवर क्रोम असेल तर वेल्ड करायच्या जागेपासून ते पूर्ण घासून काढ आणि मास्क लाव, तो धूर विषारी असतो.

सायलेन्सर. आवाज आणि ताकद यांचा लोकांनी जो संबंध लावलाय तो मला फार खटकतो. आरपार सायलेन्सर कमी आवाजाचाही करता येतो आणि ताकद तेवढीच राहते, फक्त डबा मोठा लागतो. आतली जागा सिलिंडरच्या दहापट तरी ठेव, म्हणजे तुझ्यासाठी 1.8 लिटर. 100 मिमी व्यास आणि 300 मिमी लांबीचा डबा साधारण 2.4 लिटरचा होतो, तो घे. मधून 3 मिमी भोकांच्या जाळीची नळी, आतून पाइपएवढी किंवा दोन-तीन मिमी मोठी. तिच्याभोवती आधी स्टीलवूलचा एक थर, मग उष्णता सोसणारं ग्लासवूल. एसीच्या डक्टचं पिवळं ग्लासवूल नको, त्यातला गोंद जळतो आणि पॅकिंग उडून जातं.

मात्र एक ध्यानात घे. फोर-स्ट्रोक सिंगल 6000 ला सेकंदाला 50 ठोके देतं. एवढा खालचा, छातीत बसणारा आवाज वूल पकडत नाही, ते फक्त वरचा कर्कश भाग खातं. धडधड कमी करायला डब्याच्या सुरुवातीला 60-70 मिमीची रिकामी कोठी सोड आणि जाळी तिच्यानंतर सुरू कर. पाइप याच कोठीत उघडतो, त्यामुळे तुझी 721 मिमीची लांबीही नेमकी तिथेच संपते. दोन्ही कामं एका जागी होतात. मागचा बोल्ट रबर बुशवर घे आणि स्लिप जॉइंट स्प्रिंगने धर. सगळं कडक वेल्ड केलेला एक्झॉस्ट थरथरून फ्लँजपाशी तुटतो.

गाडी रस्त्यावर काढण्याआधी गळती तपास. थंड इंजिन चालू करून फ्लँज आणि प्रत्येक टाक्याभोवती उदबत्ती फिरव. धूर आत ओढला गेला किंवा बाहेर फेकला गेला तर तिथे भोक आहे. गळती असताना ट्यूनिंग करणं म्हणजे वेळ वाया. बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) दिसतं, थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजतात आणि माणूस बिचारा जेट मोठा करत बसतो.

जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं माप ठरवणारं बारीक भोक. त्याचा नंबर मी इथून सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याचं ऐकू नकोस. वर दिलेल्या मापाचा, नीट पॅक केलेला एक्झॉस्ट असेल तर कंपनीच्याच जेटपासून सुरुवात कर. एअर फिल्टरला हात लावू नकोस, एका वेळी एकच बदल. बेंड पाइपवर हेडपासून 300 मिमीच्या पुढे, वरच्या अंगाला, एम18 आट्यांचा बुश वेल्ड करून ठेव. कॉलेजमध्ये वाइडबँड सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा) असेलच. वरच्या अंगाला अशासाठी की पाण्याचे थेंब सेन्सरवर बसले तर तो तडकतो. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (1 म्हणजे हवा-पेट्रोल नेमकं जुळलेलं, त्याच्या खाली पेट्रोल जास्त) 0.87 ते 0.90 मिळाला पाहिजे. आकडा लॅम्डातच वाच. आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, आणि इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचे जुने 14.7 वगैरे आकडे त्याला लागू होत नाहीत. त्याच कारणाने 2010 ची कार्ब्युरेटरवाली गाडी आधीच थोडी लीन चालत असेल, एक्झॉस्ट न बदलतासुद्धा.

थ्रॉटल तीन चतुर्थांशाच्या वर लीन असेल तर मेन जेट एक नंबर मोठा. मधल्या थ्रॉटलला अडखळत असेल तर सुई. तुझ्या कार्ब्युरेटरच्या सुईला खाचा नसतील तर तिच्याखाली अर्ध्या मिमीचा वॉशर घाल. अगदी सुरुवातीला ओढत नसेल तर पायलट जेट आणि स्क्रू. मुंबईच्या मित्राचा नंबर जसाच्या तसा उचलू नकोस. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, इथे हवा विरळ. उलट ताम्हिणीतून कोकणात उतरलास की हवा दाट होते आणि मिश्रण लीनकडे सरकतं, तेव्हा इथे अगदी काठावर ट्यून करू नकोस.

मोजायचं कसं? डायनो (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) मिळाला तर सोनं. नाही मिळाला तर दिवे घाटात पहाटे, रस्ता मोकळा असताना, वेगमर्यादेत: तोच गिअर, तोच चढ, तोच माणूस, टाकीत तेवढंच पेट्रोल. कोणत्या वळणाला गिअर पाडावा लागतो ते लिहून ठेव. आवाज वाढला की गाडी पळते असं वाटतंच, म्हणून अंगाला काय वाटलं ते लिहू नकोस. आणि तुलनेला धड सायलेन्सर हवा. सडलेल्या, भोकं पडलेल्या सायलेन्सरवरचं मोजमाप काही कामाचं नाही.

म्हणून, आणि दुसऱ्या मोठ्या कारणासाठी, नाना पेठेतून कंपनीचा नवा सायलेन्सर आधी आण. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडल्याबद्दल 2019 च्या दुरुस्तीनंतर 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्स 3 महिने जातं. 175 सीसीच्या वरच्या मोटारसायकलला कंपनीच्या चाचणीत 80 डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती 7.5 मीटर अंतरावर मोजतात. तुझ्या डब्याला असली कोणतीही मान्यता नाही, तो कितीही शांत असला तरी. तेव्हा रस्त्यावर रोज कंपनीचा, आणि तुझा प्रोजेक्टला, डायनोवर आणि ट्रॅकवर. फ्लँजचे नट आणि मागचे बोल्ट सोडले की बदलता येईल अशीच रचना कर. घाटातली ती चाचणी कंपनीच्या सायलेन्सरवरची, तुलनेचा आकडा मिळवण्यासाठी. पेठेतल्या गल्लीत रात्री अकराला एक फटाका वाजला की किती घरांतली लेकरं आणि म्हातारी माणसं दचकून उठतात, ते मी राहतो तिथे रोज बघतो. बीएस6 गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापायला कुणी आलं तर मी परत पाठवतो.

तुझ्या ग्रुपमधल्या कुणाची यामाहा आरएक्स 100 असेल तर यातली मापं त्याला देऊ नकोस. ती टू-स्ट्रोक आहे, आणि तशा इंजिनाच्या हेडमध्ये वाल्व्ह नसतात, तिथे पोटफुगा एक्स्पान्शन चेंबर लागतो: उघडत जाणारा कोन पोर्टमधून ओढतो आणि मिटत जाणारा कोन बाहेर पडलेलं ताजं मिश्रण परत आत ढकलतो. पूर्व जर्मनीच्या एमझेडमध्ये वाल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात हे शास्त्र घडवलं, आणि 1961 मध्ये त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर पळून गेल्यावर ते सुझुकीकडे पोचलं. त्याचा हिशोब वेगळा, तो विचारायचा तर वेगळा विचार.

राहिला निळा रंग. 304 तापला की आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट, मग निळा होतो. पृष्ठभाग किती तापला होता त्याची ती नोंद असते. हेडपासून पहिला वाक निळा आणि पुढे पिवळसर होत गेला तर सगळं ठीक आहे. निळा पट्टा थेट सायलेन्सरपर्यंत गेला तर मिश्रण लीन आहे किंवा इग्निशन उशिरा होतंय, जळणं पाइपमध्ये चालू आहे. आणि मधेच एका टाक्याभोवती निळं वर्तुळ दिसलं तर ते बहुतेक वेल्डिंगचंच असतं, गाडी चालवण्याआधी पाइपचा फोटो काढून ठेवलास तर गोंधळ होणार नाही. पहिल्या 100 किलोमीटरनंतर फ्लँजचे नट थंड इंजिनवर पुन्हा आवळ, तांब्याचं गास्केट तेवढ्यात बसलेलं असतं.